जात्याचा दुसरा हात

आपल्या संप्रदायात एकमेकांना ‘माऊली’ म्हणण्याची रीत आहे. वाटेत भेटला तो माऊली, पायांवर डोके ठेवतो तो माऊली, दर्शनबारीत धक्का लागला तरी ‘माऊली, जरा सरा हो’. आळंदीच्या ज्ञानोबारायांना आपण माऊली म्हणतो. पंढरीचा देव खरा पुरुषरूप, पण त्यालाही आपण विठाई करून टाकले आहे. देवाला आई म्हणून हाक मारण्यात वारकरी कोणाला हार जाणार नाही. असे असता घरात जी खरोखरीची माऊली असते, जिच्या पोटी आपण आलो किंवा आपली लेकरे आली, तिच्या परमार्थाचे काय, हा प्रश्न चाळीस वर्षे कीर्तन करूनही माझ्या मनात आला नव्हता. तो एका बाईने मला घातला. त्याचा थोडा विचार करावा म्हणून हे लिहिणे.

लालबागेत एका जुन्या चाळीच्या चौकात हरिनाम सप्ताह होता. चाळीच्या भोवती आता उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण मधल्या चौकात अजून मांडव पडतो, पहाटे काकडा होतो, दिवसा पारायण, सांजेला हरिपाठ आणि रात्री कीर्तन. तिसऱ्या रात्रीची सेवा माझ्याकडे होती. निरूपणात कर्मयोगाचा विषय निघाला. समोर बायाबापड्या बसलेल्या पाहून मी माझे ठेवणीतले दृष्टांत बाहेर काढले. “बायांनो, तुम्हांला वेगळे भजन कशाला हवे? पोळी लाटता ती पूजा, केर काढता ती राउळाची सेवा, लेकराला न्हाऊ घालता तो अभिषेक. तुमचे घर हीच पंढरी!” टाळकरी खूश झाले. पुरुषमंडळींनी तर विशेषच माना डोलावल्या. हे बोल मी शेकडो वेळा बोललो असेन. त्यांना दाद पुरुषांकडूनच अधिक येते, हे मात्र तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

कीर्तन आटोपले, आरती झाली, आणि आम्हां मंडळींची जेवणाची सोय चाळीतल्या ज्या बिऱ्हाडी होती तिथे आम्ही गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, एका कडेला पलंगावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. घरची बाई पिठले-भाकरी वाढीत होती. तिचा नवरा आमच्या साथीला पखवाजावर बसणारा, चांगल्या हाताचा माणूस. तो माझ्याच पंगतीला होता. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “बुवा, एक विचारू? रागावू नका.”

म्हटले, “विचार की.”

“तुमचं कीर्तन मी खाली बसून नाही ऐकलं. भाकऱ्या करीत होते. पण कर्ण्यातून वर ऐकू येत होतं. पोळी लाटणं ही पूजा आहे म्हणालात. मी साडेचारला उठते, पाणी जायच्या आत भरून घ्यावं लागतं. मग सासूबाईंचं सगळं अंथरुणातलं, दोघांचे डबे, मुलीची शाळा, नंतर मी परळला कामावर. घरी यायला सात वाजतात. देवासमोर माळ घेऊन बसले की कुकरची शिट्टी होते नि किती मणी झाले ते विसरते. दहा वर्षं मी वडाळ्याच्या देवळातसुद्धा आषाढीला गेले नाही, पंढरपूर तर लांबच राहिलं. हे सगळं पूजा असेल तर माझी काही तक्रार नाही. पण मग एवढी मोठी पूजा ह्यांना एक दिवस तरी आपण करावी, असं का वाटत नाही हो?”

पखवाजवाले हसले. मीही हसलो. “वा, प्रश्न मोठा मार्मिक आहे,” असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घास घशाखाली उतरेना. कारण माझ्या कीर्तनाच्या वेळी जी बाई मांडवात नव्हती, ती माझ्याचसाठी भाकऱ्या थापीत होती.

आता या प्रश्नाकडे शास्त्रदृष्टीने पाहू. प्रपंचात गुंतलेल्या आईने परमार्थ कधी करावा, याला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर असे की, ‘आता कर्तव्य कर, पुढे मोकळीक मिळेल.’ आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे, तो याचसाठी. परंतु ही सोय ज्याच्यासाठी सांगितली, त्याला ती लाभते; आईला लाभते काय? पुरुष नोकरीतून निवृत्त होतो, त्या दिवशी त्याला हार घालतात, नारळ देतात. आईला कोणत्या दिवशी नारळ मिळतो? मुले मोठी होतात तो नातवंडे येतात. मुंबईसारख्या नगरीत मुलगा-सून दोघेही कामावर जाणार. मग नातवंडांचे दूध, शाळा, ताप-खोकला हे सगळे आजीकडे. म्हणजे ‘पुढे’ हा शब्द तिच्या बाबतीत क्षितिजासारखा आहे. जितके चालावे तितका तो मागे सरतो. हे उत्तर आपण बाजूला ठेवू.

दुसरे उत्तर मी दिले तेच, की कर्म हेच पूजन. हे उत्तर खोटे नाही, आणि ते खोटे आहे असे म्हणण्याचे पाप माझ्याकडून न घडो. भगवंतांनी गीतेत अर्जुनाला कर्म टाकायला सांगितले नाही. फळाची आसक्ती टाकून, ईश्वराला अर्पण करून ते करावे असे सांगितले. ज्ञानोबारायांनी स्वधर्मावर जे निरूपण केले आहे, त्याची गोडी तुम्हां नित्य पारायण करणाऱ्यांना मी काय सांगावी? तेव्हा सिद्धांत पक्का आहे. प्रश्न सिद्धांताचा नाही. तो कोणी, कोणाला, कोणत्या वेळी सांगावा, याचा आहे. औषध तेच, पण वैद्याने दिले तर औषध. आणि पैसे वाचावेत म्हणून घरातल्याने रोग्याला ‘तुला काहीच झालेले नाही’ असे सांगितले तर ती फसवणूक. जो स्वतः भाकरीला हात लावीत नाही, त्याने भाकरी थापणारीला ‘ही पूजा आहे’ म्हणणे यात उपदेश किती आणि स्वतःची सोय किती, हे ज्याचे त्याने पाहावे. मी माझे पाहिले, आणि मला लाज वाटली.

त्या रात्री पाठशाळेत शिकलेले एक प्रकरण आठवले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ‘पंचसूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जीवहिंसा घडण्याची जागा. गृहस्थाच्या घरी अशा पाच जागा: चुल्ली म्हणजे चूल, पेषणी म्हणजे जाते-पाटा, उपस्कर म्हणजे केरसुणी आदी घरातली साधने, कंडनी म्हणजे उखळ-मुसळ, आणि उदकुंभ म्हणजे पाण्याची घागर. चुलीत किडा जळतो, जात्यात दाण्याबरोबर भरडला जातो, केरसुणीखाली मुंगी मरते. हा नित्य घडणारा दोष फिटावा म्हणून गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले: ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ.

लहानपणी हे मी घोकून पाठ केले. पण आज साठी उलटल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा ध्यानात आले की, या पाचही जागांवर हात कोणाचा असतो? चूल तिची, जाते तिचे, केरसुणी तिची, मुसळ तिचे, घागरही तिचीच. आणि पाच यज्ञ कोणाच्या नावाने? गृहस्थाच्या. संध्याकाळी शिजलेल्या अन्नाचा बलि पत्नीने द्यावा अशी त्याच अध्यायात आज्ञा आहे, पण तोही अमंत्रक, मंत्रावाचून. दोष घडण्याची जागा एकीच्या हाती आणि पुण्याचा मंत्र दुसऱ्याच्या मुखी, अशी ही वाटणी झाली. मी स्मृतिकारांची निंदा करायला बसलेलो नाही. ती व्यवस्था त्या काळची. पण जे दिसले ते सांगितले पाहिजे.

आता संतांनी काय केले ते पाहा. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. तिची कामे कोणती? दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण. म्हणजे शास्त्राने जिथे जिथे दोष सांगितला, नेमक्या त्याच जागा. आणि परंपरा सांगते की, पांडुरंग आला तो याच जागांवर. होमकुंडापाशी तो तिला भेटला नाही; तो भेटला जात्यापाशी, उखळापाशी, उकिरड्यापाशी. पंढरपूरच्या वारीला जाणारे गोपाळपुरास जातात तेव्हा जनाबाईचे जाते पाहतात, त्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावतात. जाते ही सूना राहिली नाही, ती तीर्थ झाली. ज्या हाताला मंत्र नव्हता, त्या हाताला संतांनी नाम दिले. नामाला सोवळे लागत नाही, मुहूर्त लागत नाही, जात-लिंग पाहावे लागत नाही. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई ही नावे आपण नित्य घेतो ती काय उगाच?

इथवर मी कीर्तनात पुष्कळदा आलो होतो. पण जनीच्या गोष्टीतली एक बाब मी आजवर नीट पाहिली नव्हती. देव जनीच्या दारी आला तेव्हा त्याने तिला काय सांगितले? ‘जनी, तुझे दळण हीच माझी पूजा आहे, चालू दे’ असे म्हणून तो पाटावर बसून राहिला काय? नाही. तो खाली बसला आणि त्याने जात्याच्या खुंट्याला हात घातला. उपदेश केला नाही, दळण केले. जात्याला दोन हात लागतात हे दळणारीला ठाऊक असते. एकटीने ओढले तर खांदा भरून येतो, समोर दुसरी कोणी बसली की जाते हलके होते आणि ओवी सुचते. तो दुसरा हात देव झाला. जनीच्या मुखी नाम आले त्याचे अर्धे श्रेय त्या दुसऱ्या हाताला नको काय?

कऱ्हाडच्या सखूबाईची कथा तर याहून पुढची आहे. सासरचा जाच, पंढरीची ओढ. परंपरा सांगते की, सखू वारीला गेली आणि देव सखूचे रूप घेऊन तिच्या सासरी राबला. पाणी भरले, दळले, बोलणी खाल्ली. याच कथेवर १९४१ साली प्रभातने चित्रपट काढला तो आमच्या वडीलमाणसांनी डोळे पुसत पाहिला होता. आपण ही कथा चमत्कार म्हणून सांगतो आणि सोडून देतो. पण यातला न्याय पाहा. सर्वज्ञ भगवंताला ‘सखू, घरकाम हीच वारी, घरी बस’ असे सांगता आले नसते काय? फार सोपे होते, आणि देवाला कऱ्हाडला येण्याचे कष्ट पडले नसते. पण त्याने तसे सांगितले नाही. ती वारीला गेली पाहिजे आणि घरचे कामही झाले पाहिजे, या दोहोंचा मेळ घालायला तो स्वतः घरी राहिला. देवालाही दुसरा उपाय दिसला नाही, तो आपल्याला कोठून दिसणार?

आणखी एक कथा सांगतो, ती सांगताना मान खाली जाते. तुकोबारायांच्या जिजाई. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा नामात रंगलेले, आणि ही माऊली घरचे सारे आवरून, उन्हातान्हात भाकरी घेऊन डोंगर चढते. आम्ही कीर्तनकारांनी जिजाईला कजाग करून ठेवले. तिच्या तोंडी कडक बोल घालायचे, हातवारे करायचे, की मांडव हसलाच म्हणून समजा. मीही तो हशा पुष्कळ घेतला आहे. पण त्याच कथेत पुढे असे आहे की, वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला साक्षात पांडुरंग खाली वाकला. देव जिच्या पायाशी वाकला, तिला हसून आम्ही बिदागी घेतली! असो.

तात्पर्य, संतांनी आणि देवाने आईच्या कामाला पवित्र म्हटले, पण ते म्हणण्याआधी तिच्या कामाला हात लावला. आपण पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडला. संतांनी तिला नामाचा अधिकार दिला. त्या अधिकाराला लागणारा अवकाश मात्र देणे ज्यांच्या हाती आहे, ते आपण घरचे लोक. अधिकार आहे पण अवकाश नाही, तर तो अधिकार कुलपातल्या दागिन्यासारखा. आपला खरा, पण अंगावर घालता येत नाही.

कोणी म्हणेल, बुवा एका बाईचे ऐकून सगळ्या जगावर आरोप करतात. तर केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती, तिचे आकडे ऐका. सहा वर्षांवरील शंभर बायकांपैकी ८१ जणी दिवसाकाठी बिनमोबदल्याचे घरकाम करतात; शंभर पुरुषांपैकी २६. आणि जे करतात त्यांचाही वेळ पाहिला तर बाई सरासरी २९९ मिनिटे, पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे तिचे पाच तासांना एक मिनिट कमी, त्याचा दीड तासांहून थोडा अधिक, तोही करणाऱ्याचाच. हरिपाठाला अर्धा तास लागतो. पाच तासांतला अर्धा तास कोणी उचलला, तर एका माऊलीचा रोजचा हरिपाठ होतो. हिशेब इतका साधा आहे.

आणि ज्या वस्तीत हा प्रश्न मला विचारला गेला, त्या गिरणगावाला तर हा हिशेब नवा नाही. त्या खोलीत पलंगावर ज्या सासूबाई होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला हळू आवाजात त्यांची हकीगत सांगितली. मालक गिरणीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हा आत जाता आलेच नाही. भोंगे थांबले, पण पोटे थांबतात काय? त्या वेळी सासूबाईंनी त्याच दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ घातली. गिरणगावात बायकांच्या खाणावळी पूर्वापार होत्याच. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गड्यांना त्यांनीच जेवू घातले. त्या बायांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते सर्वश्रुत आहे. सासूबाई म्हणाल्या, “संपाच्या दिवसांत गडी चौकात भजनाला बसायचे. बरं वाटायचं, निदान दारूला तरी जात नाहीत म्हणून. पण बुवा, टाळ वाजायचे तेव्हा मी भांडी घाशीत असायची. मला वाटायचं, एकदा मी टाळ वाजवावे नि त्यांनी भांडी घासावी.” म्हणजे सुनेने जो प्रश्न मला विचारला, तो सासूच्या मनात चाळीस वर्षांपूर्वीचा होता. एकाच खोलीत दोन पिढ्या तो प्रश्न राहिला, आणि चौकात दरवर्षी आमचा सप्ताह होत राहिला.

मी गिरगावात घरी आलो. पत्नी चहा घेऊन आली. सहज विचारावे तसे विचारले, “माझं अख्खं कीर्तन, पूर्वरंगापासून आरतीपर्यंत, तू शेवटचं कधी ऐकलंस?”

तिने जरासा विचार केला आणि म्हणाली, “लग्नाआधी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारले त्याचे खरे उत्तर तिने दिले, इतकेच. चाळीस वर्षे चातुर्मासात मी गावोगाव, आणि इकडे माझे आई-वडील, तीन मुले, येणारे-जाणारे, सोवळे-ओवळे, सगळे तिच्या माथी. मी ज्याला माझी हरिसेवा म्हणत आलो, तिची अर्धी मजुरी तिने केली, आणि हार माझ्याच गळ्यात पडले.

तेव्हापासून घरी असतो त्या दिवशी रात्रीची भांडी मी घासतो. हे सांगण्यात मोठेपणा नाही. उशिरा सुचलेल्या शहाणपणाचा मोठेपणा कसला? पण त्यातून एक गोष्ट अनुभवाने कळली, ती सांगण्यासारखी आहे. मी मांडवात सांगत असे, भांडी घासता घासता नाम घ्यावे. पहिले पंधरा दिवस मला एकदाही नाम आठवले नाही. कढईचे करपलेले बूड, गार पाणी, आणि मनात एकच विचार, हे कधी संपते. पुढे हात सरावले, आपण होऊन घेतलेले काम आहे हे मनाने मानले, तेव्हा कोठे घासणीच्या लयीत रामकृष्णहरी येऊ लागले.

यातून मला जे समजले ते असे. कर्म एकच असले तरी त्याचे दोन प्रकार होतात: वेठ आणि सेवा. संस्कृतात वेठीला विष्टि म्हणतात. ज्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, थांबण्याची सोय नाही, दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय नाही, ते वेठीकडे झुकते. जे काम प्रेमाने, आपण होऊन उचलले, ती सेवा. आईच्या कामात सेवा पुष्कळ आहे. लेकराचा ताप उतरावा म्हणून रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या आईला कोणी वेठीला धरलेले नसते. पण त्याच आईच्या कामात जो भाग केवळ कोणी उचलीत नाही म्हणून तिच्या अंगावर पडतो, तो वेठ आहे. आणि वेठीला पूजा म्हटल्याने तिची पूजा होत नाही. पांडुरंगाने जनीकडे दळले त्याला भक्ती का म्हणायचे? कारण त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हा आईच्या कामातली वेठ घरच्यांनी वाटून घ्यावी; मग जे उरेल ते आपोआप पूजा होईल, तिला तसे सांगायला कीर्तनकार लागणार नाही.

येथे दोन शंका निघतील. पहिली अशी की, अशाने बायका घर टाकून देवळातच बसतील. शंका घेणाराने सखूची कथा पुन्हा वाचावी. सखू पंढरीहून घरी परत आली. जिला मोकळे सोडले ती परत येते. दुसरी शंका अशी की, स्वधर्म सोडून पुरुषाने स्त्रीचे काम का करावे? याला उत्तर पुंडलिक. देव दारी आला तेव्हा पुंडलिक काय करीत होता? आईबापांचे पाय दाबीत होता, आणि ते काम सोडून तो उठला नाही. देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. आपला सारा संप्रदाय त्या विटेवर उभा आहे. घरच्या माणसांची हाताने केलेली सेवा पुरुषाला शोभत नाही म्हणाल, तर मग त्या विटेचे काय करणार?

माऊलीलाही एक शब्द सांगितला पाहिजे, नाही तर हे एकांगी होईल. कोणी मदतीला आले तर ‘राहू दे, तुम्हांला जमायचं नाही’ म्हणून हात झिडकारू नये. माझ्यावाचून घर चालत नाही, हाही एक अभिमानच, आणि तो फार गोड असल्याने लवकर सुटत नाही. भांडे थोडे खरकटे राहिले, पोळी वाकडी झाली तरी चालेल. त्या वेळात माळ हाती घ्यावी, किंवा नुसते गॅलरीत उभे राहावे. दमलेल्या जिवाने दोन घटका स्वस्थ बसणे हेही देवाला नावडते असे मी तरी कोठे वाचलेले नाही.

आता करायचे काय, ते थोडक्यात. एकादशीपासून सुरुवात करा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपण चेष्टेने म्हणतो, पण घरच्या बाईला ती एकादशी आणि दुप्पट कष्टी असते. उपवासाची खिचडी, वरई, रताळ्याचा कीस वेगळा, आणि लेकरांना पोळी-भाजी वेगळी. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालायचा तोही तिनेच. तेव्हा महिन्याच्या दोन एकादशींना पुरुषांनी चूल सांभाळावी. सप्ताह असेल तिथे कीर्तनकार-टाळकऱ्यांचे जेवण मंडळाच्या गड्यांनी रांधावे, आणि कीर्तन सुरू होण्याआधी उरकावे. आणि आम्ही कीर्तनकारांनी, जिच्या हातची भाकरी खाल्ली ती मांडवात बसली होती की नाही, एवढी चौकशी केल्यावाचून घास घेऊ नये. मी हा नेम धरला आहे.

पुढल्या वर्षी त्याच चाळीत पुन्हा सेवा होती. पिठले-भाकरी पखवाजवाल्यांनी आणि दोघा पोरांनी दुपारीच करून ठेवली होती. भाकऱ्या नकाशासारख्या, पण चवीला बऱ्या. ती बाई धुतलेले लुगडे नेसून, बायकांत दुसऱ्या ओळीत, वेळेआधी येऊन बसली. मी मंगलाचरण केले, अभंग धरला, निरूपणाला हात घातला, आणि पंधरा मिनिटांत ती बसल्या जागी झोपी गेली. मान शेजारणीच्या खांद्यावर. शेजारीण ओशाळून तिला हलवू लागली, कारण कीर्तनात झोपणे हा दोष आहे असे आम्हीच सांगत आलो आहोत. मी टाळकऱ्यांना टाळ हळू धरायची खूण केली, आणि शेजारणीला म्हटले, “निजू द्या. दहा वर्षांची झोप आहे.”

आरतीच्या वेळी ती जागी झाली. डोळे चोळीत हात जोडून उभी राहिली. त्या रात्रीचे माझे कीर्तन तिने पूर्ण ऐकले, असे मी धरून चाललो आहे. रामकृष्णहरी.